घाऊकात अक्रोडाचे तुकडे घेताना नेमकं काय विचारायचं?

ओव्हनवाली
नमस्कार मंडळी. आमचं छोटं युनिट आहे. कुकीज, केक आणि सिरीयल बार बनवतो. आत्तापर्यंत अक्रोडाचा अर्धा मगज आणायचा आणि आपल्याच टेबलावर सुरीने कापायचा असं चाललं होतं. आता गरज महिन्याला ३०० किलोपर्यंत गेली आहे. रोज चार जणी फक्त अक्रोड कापत बसतात, ते परवडत नाही. म्हणून तयार तुकडे घ्यायचं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली.

तीन ठिकाणांहून कोटेशन आली. तिन्हींवर मालाचं वर्णन म्हणून एकच ओळ: 'चॉप्ड वॉलनट, प्रीमियम'. दरात मात्र बराच फरक. सर्वात स्वस्त माल आम्ही चाचणीसाठी ५० किलो घेतला. आला तेव्हा चवीला ठीक होता. त्याच मालाच्या बारला सहाव्या आठवड्यात ऑइलपेंटसारखा वास यायला लागला आणि दुकानांतून माल परत घ्यावा लागला. त्याच बॅचचे अक्रोड नसलेले बार अजून चांगले आहेत, म्हणजे दोष अक्रोडाचाच. पुरवठादार म्हणतो, माल दिला तेव्हा चांगला होता.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ऑर्डर देताना कागदावर काय लिहून घ्यायचं? आणि माल दारात आल्यावर, मोठी प्रयोगशाळा नसताना, काय तपासायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चाळणी
ताई, सुरुवात आकारापासून करा. 'चॉप्ड' हा शब्द खरेदीच्या कागदावर लिहूच नका, कारण त्याला माप नाही. एकाचे चॉप्ड म्हणजे बोटाच्या पेरासारखे तुकडे, दुसऱ्याचे म्हणजे साखरेपेक्षा जरा जाड चुरा.

मी वीस वर्षं सुकामेवा खरेदी करतोय, माझी ऑर्डर मिलिमीटरमध्येच असते. उदाहरणार्थ: ४ ते ८ मि.मी.; ८ च्या चाळणीवर ५ टक्क्यांहून जास्त राहता कामा नये; ४ च्या चाळणीतून १० टक्क्यांहून जास्त पडता कामा नये; आणि २ मि.मी. खालचा चुरा २ टक्क्यांच्या आत. आकडे तुमच्या पदार्थाप्रमाणे बदला, पण वरची चाळणी, खालची चाळणी आणि चुरा ही तीन बंधनं हवीतच. फक्त 'सरासरी ६ मि.मी.' लिहिलंत तर अर्धे १० चे आणि अर्धे २ चे देऊनही तो म्हणेल सरासरी बरोबर आहे.

दारात तपासायला गोल चाळण्यांचा एक संच आणि एक काटा पुरे. तीन खोक्यांतून प्रत्येकी २०० ग्रॅम काढा. खोक्याच्या वरून नाही, मधून आणि तळातून. वाहतुकीत खोकं हलत राहतं आणि चुरा खाली बसतो. वरचा थर नेहमीच देखणा असतो. तिन्ही नमुने वेगवेगळे चाळा, एकत्र करू नका, म्हणजे खोक्याखोक्यातला फरकही दिसतो.

आता दराचं बोलू. तुलना किलोच्या दराने करू नका, वापरता येणाऱ्या किलोच्या दराने करा. समजा एका मालाचा दर १०० आहे आणि त्यात २ टक्के टाकाऊ निघतं, तर तुम्हाला तो १०२ ला पडला. दुसऱ्याचा दर ९५, पण १० टक्के चुरा आणि काळे तुकडे बाजूला काढावे लागतात, तर तो १०५.५ ला पडला. शिवाय ते बाजूला काढणाऱ्या माणसाची मजुरी वेगळी. 'स्वस्त' माल महाग होता हे वजन केल्याशिवाय कळत नाही.

ओव्हनवाली
हे फारच उपयोगी आहे. आमचा उरलेला माल आत्ताच चाळला. तळातल्या २०० ग्रॅममध्ये ३१ ग्रॅम चुरा निघाला. वरच्या नमुन्यात फक्त ७. वासाचं कारण हाच चुरा असू शकतो का?

प्रयोगशाळा_ताई
मोठं कारण असू शकतो. जरा मुळापासून सांगते, कारण हे समजलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

अक्रोडाच्या मगजात साधारण ६५ टक्के तेल असतं. बदामातही पन्नासेक टक्के असतं, पण तेलाची जात वेगळी. १०० ग्रॅम अक्रोडात जवळजवळ ४७ ग्रॅम बहुअसंतृप्त मेद असतो: अंदाजे ३८ ग्रॅम लिनोलेइक आणि ९ ग्रॅम अल्फा लिनोलेनिक, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी लोक अक्रोड खातात तेच. बदामात बहुअसंतृप्त मेद १२ ग्रॅमच्या आसपास आणि लिनोलेनिक नावालाच. हे बहुअसंतृप्त मेद हवेतल्या ऑक्सिजनशी फार लवकर जुळतात. लिनोलेनिक तर सर्वात लवकर. जवसाचं तेल रंगात वापरतात ते हवेत वाळून पापुद्रा धरतं म्हणून, आणि त्यातही हेच आम्ल भरपूर असतं. तुम्हाला ऑइलपेंटचा वास आला तो म्हणूनच. नाक बरोबर सांगत होतं.

आता कापल्यावर काय होतं ते बघा. १२ मि.मी. चा एक घन धरा. त्याचे ४ मि.मी. चे तुकडे केले तर २७ होतात आणि हवेला उघडा पडणारा पृष्ठभाग बरोबर तिप्पट होतो. १ मि.मी. चा चुरा केला तर बारापट. वर कापताना पेशी फुटतात, आतलं तेल बाहेर येऊन तुकड्यावर पातळ थरासारखं पसरतं. अख्ख्या अर्ध्या मगजाला त्याची पातळ साल राखत असते, सालीतली टॅनिन आणि इतर फिनॉलिक द्रव्यं ऑक्सिडेशन रोखतात. कापलेल्या बाजूला ते कवच नाही. म्हणून १५ टक्के चुरा म्हणजे नुसतं दिसायला वाईट नाही. तो सर्वात आधी खवट होतो आणि त्याचा वास बाकीच्या चांगल्या तुकड्यांना लागतो.

यातून पहिला प्रश्न निघतो, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: हे तुकडे कापले कधी? पीक कोणत्या वर्षाचं हे विचारतात, पॅकिंगची तारीख बघतात. पण मगज वर्षभर थंडीत नीट ठेवून गेल्या आठवड्यात कापला असेल तर तो चांगला असू शकतो, आणि या हंगामाचा मगज चार महिन्यांपूर्वी कापून साध्या गोदामात पडला असेल तर तो गेलेला असतो. कागदावर तीन तारखा मागा: पिकाचं वर्ष, कापल्याची तारीख, पॅक केल्याची तारीख.

रात्रपाळी
+१. कापल्याची तारीख मागितली की पुरवठादार अडखळतो का ते बघा. ज्याच्याकडे लॉट नंबर नीट आहे तो पाच मिनिटांत सांगतो.

प्रयोगशाळा_ताई
आता रिपोर्टबद्दल. प्रत्येक लॉटबरोबर तपासणी प्रमाणपत्र मागा. सरसकट वर्षातून एकदा काढलेला रिपोर्ट नको, त्यावर तुमच्या लॉटचा नंबर हवा. त्यात मी हे बघते:

ओलावा: ५ टक्क्यांच्या आत. अक्रोडाच्या मगजासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचं जे मानक आहे त्यातही हीच मर्यादा आहे. जमलं तर ४ च्या आसपास मागा.

पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेल खवट व्हायला लागल्याचं माप: ताज्या मालाची १ च्या आतबाहेर असते. मी ३ च्या वर घेत नाही.

मुक्त मेदाम्लं, म्हणजे तेल तुटून सुटी झालेली आम्लं: १ टक्क्याच्या आत.

आणि अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीपासून तयार होणारं विष. मर्यादा देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघात थेट खाण्यासाठीच्या अक्रोडाला एकूण ४ आणि त्यातलं बी-१ फक्त २ मायक्रोग्रॅम प्रति किलो चालतं. अमेरिकेत कारवाईची पातळी २० आहे. म्हणून 'पास' एवढंच लिहिलेला रिपोर्ट घेऊ नका, आकडा बघा. तुमचा माल कुठे विकला जाणार त्यावर तो पास की नापास हे ठरतं.

एक सावधगिरी पेरॉक्साइडबद्दल, कारण इथे चांगले चांगले फसतात. पेरॉक्साइड हा ऑक्सिडेशनचा पहिला टप्पा. ते आधी वाढतात आणि मग तुटून त्यांच्यापासून वास मारणारे पदार्थ बनतात, हेक्सानाल वगैरे. त्यामुळे पार खवट झालेल्या जुन्या मालाची पेरॉक्साइड व्हॅल्यू पुन्हा उतरलेली असू शकते. रिपोर्ट १.८ म्हणतो आणि तोंडात कडवट लागतं, असं झालं तर तोंडावर विश्वास ठेवा. शंका असेल तर अ‍ॅनिसिडिन व्हॅल्यूही मागवा, ती दुसऱ्या टप्प्याचं माप देते.

नवशिक्या_बेकर
घरगुती तपासणी काही आहे का? प्रत्येक वेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवणं आम्हाला जमत नाही.

चाळणी
आहे. मी आजही हेच आधी करतो.

काचेच्या स्वच्छ बरणीत निम्म्यापर्यंत तुकडे भरा, झाकण घट्ट लावा आणि कोमट जागी तासभर ठेवा, ४० अंशांच्या आसपास. मग झाकण उघडून लगेच वास घ्या. ताज्या अक्रोडाला गोडसर, दुधाळ वास येतो. कार्डबोर्ड, ओलं गवत, मेण, रंग यातलं काहीही नाकाला जाणवलं तर तो लॉट बाजूला. मग दहा तुकडे एकेक करून खा, मूठभर एकदम नको. नीट चावा आणि अर्धा मिनिट थांबा. सालीचा तुरटपणा लगेच लागतो आणि जातो. तो दोष नाही. खवटपणा उशिरा येतो आणि घशाशी चिकटून राहतो. हा फरक एकदा जिभेला कळला की विसरत नाही.

माणसं दोन-तीन असावीत आणि तपासणी जेवणाआधी, सकाळी करावी. प्रत्येक लॉटचा अर्धा किलो नमुना हवाबंद करून फ्रीझरमध्ये लॉट नंबर लिहून ठेवा. उद्या वाद झाला तर तुमच्याकडे पुरावा आहे.

थंडखोली
साठवणीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. मी शीतगृह सांभाळतो.

ताई, तुमचा ५० किलो माल आल्यावर कुठे ठेवला होता?

ओव्हनवाली
कोरड्या गोदामात, ओव्हनच्या खोलीला लागून. पोती नव्हती, खोकीच होती, आत निळी प्लास्टिकची पिशवी.

थंडखोली
मग पुरवठादाराची अर्धी बाजू खरी असू शकते. राग मानू नका. ढोबळ हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की खवट होण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. ५ अंशांवर जो माल आठ महिने टिकेल तो ३५ अंशांवर महिनाभरात म्हातारा होतो. तुकडे तर त्याहून लवकर.

अक्रोड मगजाला ० ते ५ अंश आणि ५५ ते ६५ टक्के आर्द्रता ही नेहमीची साठवण. वर्षभरापेक्षा जास्त ठेवायचा असेल तर उणे १८. आर्द्रता फार वाढली तर मगज ओलावा ओढतो, मऊ पडतो आणि बुरशीचा धोका येतो. फार कमी झाली तर सुकून अजून चुरा होतो.

खरं नुकसान मी बघतो ते दाराशी होतं. थंड खोकं बाहेर काढलं आणि लगेच फोडलं की हवेतली वाफ थंड तुकड्यांवर जमते. डोळ्याला फारसं दिसत नाही, पण हात लावला तर तुकडे चिकट लागतात. उरलेला माल परत थंडीत गेला की त्या ओलाव्यासकट गेला. नियम असा ठेवा: उद्या लागणारी खोकी आज संध्याकाळी बाहेर काढायची, पिशवी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, आणि फोडलेलं खोकं परत थंडीत न्यायचं नाही. म्हणून खोकंही लहान घ्या. १० किलोच्या खोक्यात ५-५ किलोच्या दोन व्हॅक्यूम पिशव्या मिळतात. तुमच्या एका पाळीला जेवढं लागतं त्या मापाची पिशवी मागा. एका पिशवीत २५ किलो घेऊन पैसे वाचतात असं वाटतं, पण ती पिशवी चार दिवस उघडी पडते.

दुसरं, शेजार. अक्रोड वास ओढतो. कांदा, मसाले, साबण, नवा रंग दिलेली भिंत, काहीही. आणि शीतगृह अमोनियावर चालत असेल तर गळतीबद्दल विचारून घ्या. अमोनिया लागला की मगजाची साल काळी पडते आणि तो डाग कशानेही जात नाही. माझ्या आधीच्या नोकरीत एका रात्रीच्या गळतीने एक अख्खी रांग अशी गेली. सकाळी दार उघडलं तेव्हा खोकी जशीच्या तशी होती, आतला सोनेरी मगज कोळशासारखा.

नवशिक्या_बेकर
नायट्रोजन भरलेली पिशवी असेल तरी थंडी लागते का?

थंडखोली
लागते. नायट्रोजनने पिशवीतला ऑक्सिजन कमी होतो, संपत नाही. शिवाय साध्या पॉलिथिनमधून ऑक्सिजन हळूहळू आत येतोच. अडसर असलेली बहुस्तरीय फिल्म आहे का विचारा. दोन्ही मिळून काम करतात, एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

रात्रपाळी
मी एका मोठ्या बेकरीत गुणवत्ता विभागात आहे. कवचाबद्दल लिहायलाच हवं.

अक्रोड फोडताना कवचाचे बारीक तुकडे आणि मधला कडक पडदा मगजात राहतो. अर्ध्या मगजात तो दिसतो. तुकड्यांत तो त्याच रंगाचा, त्याच आकाराचा होऊन लपतो. आमच्याकडे एकदा ग्राहकाची दाढ तुटली. त्यांनी डबीत घालून तो तुकडा पाठवला होता: ६ मि.मी. चा, एका बाजूने धारदार. आमच्या लाइनवर मेटल डिटेक्टर होता आणि तो अगदी नीट चालत होता. पण कवच म्हणजे लाकूड, मेटल डिटेक्टरला ते दिसणारच नाही. डबी महिनाभर माझ्या टेबलावर होती. ती दिसली की प्रत्येक जण निवडीच्या टेबलावर हात जरा जास्त वेळ फिरवायचा.

म्हणून पुरवठादाराला विचारा: कवच कशाने काढता? चांगल्या कारखान्यात हवेने हलकं वेगळं करणं, मग रंग आणि लेझर ओळखणारी निवड यंत्रं, मग एक्स-रे, आणि शेवटी पट्ट्यावर माणसं. एक्स-रेलाही कवच ओळखणं जड जातं, कारण घनतेत फार फरक नाही. लेझर तिथे सरस. सर्वात महत्त्वाचं म्हणजे ही निवड कापण्याआधी होते का. अख्ख्या मगजातून कवच काढून मग कापणारा आणि तुटका-फुटका मगज गोळा करून चाळून 'तुकडे' म्हणून विकणारा, यांच्या मालात जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोघांच्या खोक्यावर नाव एकच.

कागदावर मर्यादाही आकड्यात घाला, उदाहरणार्थ १० किलोत कवचाचा एकही तुकडा नको किंवा जास्तीत जास्त एक. 'कवचरहित' या शब्दावर भांडता येत नाही.

चाळणी
अगदी खरं. फोडताना निघालेले तुकडे की मुद्दाम कापलेले, हे कडा बघून कळतं. कापलेल्याची कड सरळ आणि पांढरी, फुटलेल्याची वेडीवाकडी. फुटलेला माल वाईटच असतो असं नाही, केकच्या मिश्रणात चालतो. पण दर त्याचाच द्यावा.

ओव्हनवाली
रंगाच्या ग्रेडचं काय? एकाने 'लाइट' सांगितलं, दुसऱ्याने 'लाइट अंबर'.

चाळणी
अमेरिकी शेतीखात्याच्या प्रतवारीत मगजाचे चार रंग आहेत: एक्स्ट्रा लाइट, लाइट, लाइट अंबर, अंबर. बाकी ठिकाणचे व्यापारीही बहुधा हीच भाषा बोलतात. रंग सालीचा असतो. जात, ऊन, झाडावरून काढायला झालेला उशीर, वाळवणं, साठवण, सगळ्याचा त्यावर परिणाम. चँडलर ही कॅलिफोर्नियाची जात १९७९ साली आली आणि उजळ रंगामुळेच जगभर लावली गेली.

पण तुमच्या कोको घातलेल्या कुकीत एक्स्ट्रा लाइट रंगाचे पैसे कशाला मोजता? वर सजावटीला दिसणार असेल तर उजळ घ्या. आत जाणार असेल तर लाइट अंबर घ्या आणि वाचलेले पैसे ताज्या कापणीवर आणि थंड वाहतुकीवर घाला. एवढंच की फिकट रंग म्हणजे ताजा माल असं समजू नका. खवट झालेला चँडलरही गोरापान दिसतो.

हंगामाचंही लक्षात ठेवा. उत्तर गोलार्धात, म्हणजे चीन, कॅलिफोर्निया, पूर्व युरोप इथे काढणी सप्टेंबर ते नोव्हेंबर. चिलीत मार्च ते मे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडचा माल घेतलात तर तो दहा महिन्यांचा असतो, तेव्हा दक्षिणेचा ताजा आलेला असतो. वर्षाचा करार एकाच देशाशी करण्यापेक्षा दोन भागांत केला तर माल कायम सहा-सात महिन्यांच्या आतला मिळतो.

पाव_आणि_लोणी
एक वेगळा प्रश्न, धाग्यावर चालेल ना? आमच्या अक्रोड केकचा गाभा कधी कधी जांभळट-करडा होतो. ग्राहक बुरशी समजतात. हा मालाचा दोष आहे का?

प्रयोगशाळा_ताई
दोष नाही, सालीतली फिनॉलिक द्रव्यं आहेत. मिश्रणात खाण्याचा सोडा जास्त झाला आणि ते अल्कधर्मी झालं की त्यांचा रंग जांभळा-निळा होतो. लोह असलेलं पाणी किंवा लोखंडी भांडं असेल तर आणखी गडद. चुरा जास्त असला की हे वाढतं, कारण सालीचे कण सगळ्या मिश्रणात पसरतात. सोडा मोजून बघा, थोडा बेकिंग पावडरकडे वळवा, तुकडे आधी हलके भाजून गार करून घाला, आणि अगदी शेवटी मिसळा. आणि चुरा चाळून काढा, पुन्हा तेच!

आइस्क्रीमवाला
आमच्याकडचं सांगतो, कदाचित कोणाला उपयोग होईल. आइस्क्रीममध्ये कोरडे तुकडे घातले की ते पाणी ओढून दोन आठवड्यांत मऊ पडतात. आम्ही ६ ते १० मि.मी. चे तुकडे भाजून त्यांच्यावर चॉकलेटचा किंवा नुसत्या मेदाचा पातळ थर चढवतो. चुरा असेल तर थर बसत नाही, गोळे होतात. चॉकलेटच्या वड्यांत उलटी अडचण: अक्रोडाचं तेल चॉकलेटमध्ये झिरपतं, ते मऊ पडतं आणि वर पांढरी झाक येते. तिथे तुकडे जितके मोठे आणि चुरा जितका कमी तितकं बरं. भाजलेले तयार तुकडे मात्र घेऊ नका. भाजल्यावर अक्रोड कच्च्यापेक्षा लवकर खवट होतो. कच्चे घ्या, आपल्याकडे भाजा, त्याच दिवशी वापरा.

रात्रपाळी
यावरून जंतूंचा मुद्दा. भाजणार किंवा बेक करणार असाल तर एक पायरी तुमच्या हातात आहे. ताईंचे सिरीयल बार बहुधा थंड दाबलेले असतील, म्हणजे अक्रोड कच्चाच जाणार?

ओव्हनवाली
हो. पाक गरम असतो, पण बार बेक होत नाहीत.

रात्रपाळी
मग तुम्ही आधीच निर्जंतुक केलेलाच माल मागा, आणि कुठल्या पद्धतीने केला ते कागदावर. अक्रोड कोरडा असल्याने त्यात जंतू वाढत नाहीत, पण साल्मोनेला कोरड्यात महिनोनमहिने जिवंत राहतो. गरम पाक वरून ओतल्याने भरवसा येत नाही, तुकड्याला लागताच तो गार होतो. हे पुस्तकी नाही. २०११ साली कॅनडात आणि २०२४ साली अमेरिकेत कच्च्या सोललेल्या अक्रोडातून ई. कोलाय ओ१५७ ची लागण पसरली होती. २०२४ चा माल सेंद्रिय होता आणि दुकानांतून सुटा विकला गेला होता.

पद्धती मुख्यतः दोन: वाफ, किंवा प्रोपिलीन ऑक्साइड वायू. हा वायू अमेरिकेत चालतो, युरोपीय संघात चालत नाही, आणि सेंद्रिय मालाला कुठेच लावता येत नाही. वाफेच्या मालात नंतर नीट वाळवलंय का ते बघा, ओलावा वाढलेला राहतो. आणि निर्जंतुकीकरण कापण्याआधी झालं असेल तर पुढे कापायचं यंत्र, पट्टे, हात यांची स्वच्छता तेवढीच महत्त्वाची.

किडीचंही विचारा. सुक्यामेव्यातल्या पतंगाची अळी जाळी करते, तुकडे दोऱ्यात ओवल्यासारखे एकमेकांना लटकतात. असं दिसलं तर खोकं नाही, पूर्ण लॉट परत.

वजनकाटा
अ‍ॅलर्जीचं राहिलं. अक्रोड आहे हे तुम्ही लिहालच, पण ज्या यंत्रावर हे तुकडे कापले त्यावर आदल्या दिवशी काय कापलं? शेंगदाणे, काजू, हेझलनट? लेखी घ्या. आणि तुकड्यांवर खवटपणा रोखायला काही फवारलंय का तेही, कारण ते तुमच्या लेबलवर यावं लागतं. तेवढंच.

चाळणी
शेवटचं माझ्याकडून, कराराबद्दल. नमुना आवडला म्हणून ऑर्डर देऊ नका. नमुना निवडून पाठवलेला असतो. ऑर्डर द्यायची ती लेखी तपशिलावर, आणि माल निघण्याआधी त्याच लॉटचा नमुना मागवायचा. तो पास झाला तरच गाडी सुटेल असं लिहून घ्या. माल आल्यावर तपासायला किती दिवस, नापास झाला तर परत नेण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच. भांडण झाल्यावर या ओळी घालता येत नाहीत.

ओव्हनवाली
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार, आणि काय झालं ते सांगते.

वरचं सगळं एका पानावर उतरवून तिन्ही पुरवठादारांना पाठवलं. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दर वाढवून सगळं मान्य केलं, पण कापल्याची तारीख द्यायला तयार नव्हता. तिसरा, जो आधी सर्वात महाग वाटला होता, त्याने मागच्या चार लॉटचे रिपोर्ट आणि तारखा दुसऱ्या दिवशी पाठवल्या. चाळणीदादांच्या हिशेबाने वापरता येणारा किलो पकडला तर तो दुसऱ्यापेक्षा स्वस्त निघाला.

बारसाठी वाफेने निर्जंतुक केलेले ४ ते ८ मि.मी. चे तुकडे, ५ किलोच्या पिशव्या, दर पंधरा दिवसांनी पुरवठा. ३०० किलो एकदम घेत नाही. पहिला लॉट आला तेव्हा आम्ही तिघींनी बरणीचा वास घेतला, तळातून काढून चाळला: २०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम चुरा. पेरॉक्साइड ०.९. ओव्हनशेजारच्या खोलीतून साठवण हलवली, एक जुना मोठा फ्रीज घेतला.

कुकीजसाठी मात्र तुकडे घ्यायचे नाहीत असं ठरवलं. अर्धा मगज आणतो आणि एक लहान कापणी यंत्र घेतलंय, दोन पात्यांमधलं अंतर बदलता येतं. सकाळी लागतील तेवढेच कापायचे. कापणाऱ्या चौघींपैकी दोघी आता यंत्राच्या आधी पट्ट्यावर बसून मगज निवडतात. काल त्यातल्या एकीने कवचाचे चार तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले.

रात्रपाळी
ते चार तुकडे फेकू नका. डबीत घालून पट्ट्याजवळ ठेवा.